पहिले विषय सांगा

दारावरची घंटा वाजली की चारचौघं आतून "कोण आहे?" असं विचारतात. आमच्या घरमालकीणबाई "विषय?" असं विचारायच्या.

कोण आलंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. कशासाठी आलंय ते आधी कळलं पाहिजे, माणूस नंतर बघता येतो, असा त्यांचा हिशेब. आमचा दूधवाला गोंदियाच्या बहुतेक बाजारासारखा हिंदीत बोलणारा. सुरुवातीला तो बिचारा नुसता "दूध!" असं ओरडायचा. त्यावर आतून यायचं, "दूध काय? आलं, नासलं, का उद्या येनार नाही?" काही महिन्यांत तो इतका तयार झाला, की एका सकाळी घंटा वाजवून त्याने एका दमात सांगितलं, "दूध, आज आधा लीटर कम, भैंस बीमार है!" आतून समाधानाचा हुंकार आला आणि कडी निघाली.

"हा पाहा मथळा," पातेलं घ्यायला आत आल्यावर त्या मला म्हणाल्या. "काय झालं, कायले झालं, किती झालं, सारं दाराबाहेरच समजलं. आता भांडाचं का नाही, तेवढंच माह्या हाती राह्यलं."

त्या दिवशी त्या भांडल्या नाहीत. म्हशीला काय झालंय ते विचारलं आणि ओवा-गुळाचा काहीतरी उपाय सांगितला.

मी विम्याचा माणूस. आमच्या धंद्यात विषय सगळ्यात शेवटी काढायचा असतो. आधी मुलाबाळांची चौकशी, मग तब्येत, मग या देशाचं पुढे काय होणार, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता सहज आठवल्यासारखं, "बरं, त्यावरून आठवलं..." अशा माणसाची बदली गोंदियात व्हावी आणि त्याला खोली याच घरात मिळावी, हा नशिबाचा विनोदच म्हणायचा. घर राइस मिलच्या मागच्या गल्लीत. खिडकीच्या गजांवर कोंड्याची बारीक पिवळी धूळ बसलेली. मी घंटा वाजवली, "विषय?" आला, आणि मी सवयीने म्हणालो, "नमस्कार काकू, मी जरा सहज..."

"सहज कोनी दुपारच्या उन्हात येत नाही. विषय सांगा."

दोनदा परत गेलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा आलो आणि दाराला तोंड लावून ओरडलो, "वरची खोली भाड्यानं पाहिजे, एकटा माणूस, विमा कंपनीत नोकरी, मटण खातो, गाणं म्हणत नाही!" दार उघडलं. समोर ठेंगण्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेल्या काकू उभ्या होत्या. "गानं म्हनलं तरी चालन," त्या म्हणाल्या. "कोनतं म्हनता ते पहिले सांगत जा."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा जमाना. तीन मिनिटांचा कॉल, आणि लाइन कधी तुटेल याचा भरवसा नाही. आपल्याकडच्या माणसाची रीत अशी, की कामाची गोष्ट आधी काढणं म्हणजे उद्धटपणा. रामराम, जेवण झालं का, पाऊसपाणी काय म्हणतं, जनावरं बरी आहेत ना, आणि मग "बरं, मी कायले फोन केलता..." तेवढ्यात तीन मिनिटं संपायची. ऑपरेटरने बोलणं ऐकायचं नसतं, पण कानात वायर खुपसलेल्या बाईने दुसरं काय करायचं? काकूंनी आयुष्यभर लोकांच्या विषयाआधीची वाक्यं ऐकली.

एक कॉल त्या पुनःपुन्हा सांगायच्या. रायपूरहून एक जण बोलत होता, इकडे त्याची आई. आईचे गुडघे, धाकट्या बहिणीचं स्थळ, गाय व्याली का, सगळं झालं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "आई, एक गोष्ट सांगाची होती." आणि लाइन गेली. पुन्हा कॉल लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"त्याले काय सांगाचं होतं, मले अजून मालूम नाही," काकू म्हणायच्या. इतकी वर्षं झाली तरी हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "चांगलं होतं का वाईट होतं, तेही मालूम नाही. ते एक वाक्य त्यानं पहिले म्हनलं असतं तं गायीचं राह्यलं असतं. काय बिघडलं असतं?"

आपल्या यजमानांबद्दलही त्यांची हीच तक्रार. माणूस देवासारखा, पण सगळा संसार त्याने "ऐकतेस का" या एकाच मथळ्याखाली काढला. भाजी आणायची असो की नोकरी सोडायची असो, मथळा तोच.

निवृत्त झाल्यावर काकूंनी एक इंटरनेटवरचा चर्चामंच चालवायला घेतला. नागपूरच्या पुतण्याने तो त्यांना उभा करून दिला होता. नाव "बांधी". धानाच्या शेताच्या तुकड्याला इकडे बांधी म्हणतात. धान, तलाव, पाणी, कीड, बियाणं यांबद्दल कुणीही प्रश्न विचारावा, ज्याला माहीत असेल त्याने उत्तर द्यावं. काकूंचं माहेर अर्जुनीकडचं, गावोगाव तलाव बांधणाऱ्या शेतकरी घराण्यातलं, त्यामुळे तलावाच्या गोष्टीत त्यांचा जीव. व्हॉट्सअॅपचे एवढे ग्रुप असताना हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं होतं.

"ग्रुप म्हंजे आठवडी बाजार," त्या म्हणाल्या. "सकाळी बोललेलं संध्याकाळी सापडत नाही. मंचावर गोष्ट आपल्या जागी राहते. चार वर्सानं कोनी शोधत आला तं त्याले गावते. पन कवा गावते? मथळा बरोबर असन तं."

मंच उघडला की समोर नुसती यादी दिसायची. विषयाची ओळ, लिहिणाऱ्याचं नाव, वेळ. बाकी सगळं त्या ओळीच्या आत. आणि त्या ओळीत आमच्या जिल्ह्यातली माणसं काय लिहायची? "मंडळी." "एक शंका." "अर्जंट." "फोटो पाहा." नुसतं "धान" लिहिणारेही होते. "सारा मंच धानाचा, अन् हा लिहिते धान," असं म्हणत काकू कपाळाला हात लावायच्या. एकाने विषयात "प्रतापगड" लिहिलं होतं. आत किल्ला नाही, दर्गा नाही, जत्रा नाही, तुडतुड्यांवर काय फवारावं हा प्रश्न. तो गृहस्थ आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडला राहत होता, एवढाच संबंध.

असे मथळे काकू परत पाठवायच्या. खोडायच्या नाहीत आणि स्वतः बदलायच्याही नाहीत. "ज्याचं दुखते त्यानंच सांगाचं, कुठं दुखते," हा नियम. परत पाठवताना खाली एक ओळ लिहायच्या: कुठं, काय झालं, काय पाहिजे, हे तिन्ही वर लिहा, आत काहीही लिहा. लोक वैतागायचे. मग हळूहळू शिकायचे. वर्षभरात यादी अशी झाली, की नुसती यादी वाचूनच जिल्ह्यात कुठे काय चाललंय ते कळावं. मी सकाळचा पेपर बंद केला आणि चहा पिता पिता काकूंच्या खांद्यावरून यादी वाचायला लागलो.

माझ्याआधी वरच्या खोलीत बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारा एक तरुण राहायचा. त्याने काकूंना सांगितलं होतं, की वैमानिक रेडिओवर बोलताना आधी कुणाला हाक मारतो, मग आपण कोण, कुठे आहोत आणि काय हवंय ते सांगतो, बस. हे ऐकल्यापासून काकूंना वैमानिकांबद्दल अपार आदर. शिकाऊ विमान घरावरून घुमत गेलं की त्या मान वर करून बघायच्या. "पाहा, वर कोनी जेवन झालं का विचारत नाही," म्हणायच्या. "विचारत बसला तं खाली येते."

त्यांच्या नादाने मीही एकदा एका दारात सरळ "विमा!" म्हणून पाहिलं. दार लागलं. दुसरंही लागलं. तक्रार घेऊन घरी आलो तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. ज्याले नको होता, त्याचा चहा वाचला."

आता बाबांची गोष्ट सांगतो. तीच मुख्य आहे; प्रस्तावना लांबली, हा धंद्याचा दोष.

दवनीवाड्याच्या पलीकडे एक लहानसं गाव आहे. तिथले एक म्हातारे शेतकरी मंचावर लिहायचे. त्यांना आम्ही घरात "रामरामवाले बाबा" म्हणायचो, कारण त्यांचा मथळा एकच: "रामराम." आत पाच-सात ओळी सगळ्यांची विचारपूस, कुणाची मुलगी बाळंत झाली होती तिची चौकशी, आणि शेवटच्या ओळीत, जणू निघता निघता, प्रश्न. काकू परत पाठवायच्या. बाबा पुन्हा पाठवायचे, तोच मथळा, वर आणखी एक ओळ: "बाईंना विशेष रामराम."

काकूंनी त्या रामरामला मंचावर कधी उत्तर दिलं नाही. पण आतलं शेवटच्या ओळीपर्यंत त्या वाचायच्या, हे मला ठाऊक होतं. चष्मा वर करून, ओठ हलवत.

एका उन्हाळ्यात बाबांचा असाच रामराम आला. शेवटची ओळ अशी होती, की गावच्या तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे मातीच्या बांधावरचं, मोठं झाड मागल्या साली वाळलं, बुंधा कुजत चाललाय, तसाच राहू द्यावा का. काकूंनी तो परत पाठवला आणि या वेळी नेहमीच्या ओळीखाली स्वतःहून लिहिलं, की बाबा, हा प्रश्न रामरामच्या खाली ठेवण्यासारखा नाही, मथळ्यात लिहा, म्हणजे जाणता माणूस पाहील. संध्याकाळी उत्तर आलं. विचारपूस नाही, काही नाही. "आमच्या घरी पाहुणा आला तर आधी पाणी देतो, काम मागून विचारतो. ज्या दारात रामराम चालत नाही, त्या दारात आपण येत नाही." त्यानंतर बाबा मंचावर दिसले नाहीत.

काकू त्या रात्री जेवल्या नाहीत. "काऊन राग आला असन जी त्याले?" त्या दोन-तीनदा म्हणाल्या. मग खरी काळजी बाहेर आली. "पाळीवरचं झाड मेलं की त्याची मुळं आतल्या आत कुजतात. त्या पोकळीतून पानी वाट काढते. माह्या बापानं मले दाखवलं होतं. अन् त्या पाळीखाली त्यायची वस्ती आहे, त्यायनंच मागं लिहिलं होतं. माह्या हट्टापायी त्यायची पाळ गेली तं?"

मग नियम वाकवून बोलवा ना त्यांना, मी म्हणालो. त्यांचा फोन नंबर नव्हता. शिवाय काकूंना नियम वाकवायचा नव्हता, पाळ मात्र वाचवायची होती. शेवटी मलाच धाडलं. विम्याच्या निमित्ताने मी तिकडे जातच होतो.

बाबांचं घर पाळीच्या अगदी खाली, बाजूला आणखी दहा-पंधरा घरं. बाबांनी मला पाणी दिलं, चहा दिला, माझ्या आईची तब्येत विचारली, जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर मी निरोप सांगितला: पावसाआधी बुंधा मुळांसकट खणून काढा, खड्डा चिकणमातीने ठोकून भरा. बाबा शांतपणे ऐकत होते.

"बाई जानकार आहेत," ते म्हणाले. "आमी बुंधा काढू. पन सारी मुळं काढाले पाळ किती खोल खनाची, हे मले कोन सांगन? जेवढं जमते तेवढं करतो."

"मंचावर विचारा ना, बाबा. अर्जुनीकडचे लोक सांगतील."

"विचारलं होतं ना जी," ते हसून म्हणाले. "बाईनं वापस केलं." निघताना दारापर्यंत पोचवायला आले. "बाईले सांगा, रामराम."

मी घरी येऊन सांगितलं. त्या दिवसापासून रोज सकाळी यादी उघडली की त्या आधी एकच नाव शोधायच्या.

त्या वर्षी गणपती उठले आणि पाऊस बसला. परतीचा पाऊस असा, की चार दिवस उजाडल्यासारखं वाटलंच नाही. सगळे तलाव काठोकाठ. मी कुठेच जाऊ शकत नव्हतो, म्हणून दुपारी खाली काकूंच्या समोर बसून शेंगदाणे खात होतो. वीज गेली होती, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू होता. नेट मधूनच येत होतं.

"अर्धंच येते," काकू म्हणाल्या. "यादी दिसून राह्यली, आतलं काही उघडत नाही. गावात तं याच्याहून खराब असन." आणि बोलता बोलता थांबल्या. चष्मा नाकावर ओढला. मग माझ्याकडे न बघता हात लांब करून माझं मनगट पकडलं.

यादीत सगळ्यात वर बाबांचं नाव होतं. मथळ्यात आधी गावाचं नाव होतं, ते मी इथे देत नाही. पुढे असं लिहिलं होतं: "तलावाच्या पाळीतून गढूळ पाणी निघून राहिलं, जुन्या झाडाच्या जागी, खाली वस्ती, कसं थांबवू सांगा."

मी मथळा दोनदा वाचला. कुठं, काय झालं, काय पाहिजे. रामराम नव्हता.

"गढूळ," काकू म्हणाल्या. "नितळ पानी झिरपलं तं भेव नाही. गढूळ म्हंजे पाळ आतून वाहून राह्यली."

मग मी जे पाहिलं, ते आजही कुणाला सांगताना मला कमी पडतं. ती ठेंगणी म्हातारी बाई खुर्चीत ताठ बसली आणि एकदम एक्स्चेंजमध्ये गेली. एका हाताने तहसील कार्यालयाला फोन लावला. "नमस्कार" नाही, "मी अमुक बोलते" नाही, बाबांचा मथळा जसाच्या तसा वाचून दाखवला आणि म्हणाली, "घरं खाली कराले मानसं पाठवा." पलीकडच्या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो म्हणाला, "पाठवतो बाई." दुसऱ्या हाताने त्या मंच हाकत होत्या. यादीत भराभर ओळी यायला लागल्या होत्या. "काळजी घ्या." "देवा वाचव." "बाबा जपून." माणसं चांगली, पण त्यांच्या चांगुलपणाखाली बाबांची ओळ खाली खाली चालली होती. काकू एकेक उचलून बाजूला ठेवत होत्या आणि बाबांची ओळ पुन्हा वर आणत होत्या.

"या लोकायचं सारं मंग," त्या पुटपुटत होत्या. "पहिले पाळ."

अर्जुनी तालुक्यातला एक गृहस्थ होता, तलाव बांधणाऱ्या घराण्यातला, पाळीचं काम हातचं असलेला. मंचावर तो बोलायचा कमी आणि नुसती यादी चाळायचा. त्या वेळी तो एसटीत बसला होता, हे आम्हाला पुढे समजलं. बाबांच्या ओळीच्या आत काय आहे, ते त्याच्या फोनवर उघडतच नव्हतं. त्याने उघडायची वाटही पाहिली नाही. यादीत त्याची ओळ आली: "भोक बुजवू नका, बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटेल." आत काही नाही. मागोमाग दुसरी: "भोकाभोवती बाहेरून रेतीच्या पोत्यांचं कडं उभं करा, पाणी येऊ द्या, माती अडवा." मग तिसरी: "दुसऱ्या गड्यांनी सांडवा साफ करून तलावाचं पाणी उतरवा, बायकापोरं आधी शाळेत न्या."

तिकडून बाबांची ओळ: "पोती आहेत, रेती थोडी आहे."

"रेती कमी तर गिट्टी घाला, मुरूम नको."

"शाळेच्या बांधकामाची गिट्टी मिळाली."

सगळं बोलणं विषयाच्या ओळीत. एकाचंही आतलं पान उघडत नव्हतं आणि कुणाला त्याची गरज नव्हती. ट्रंक कॉलवर लोकांनी असं बोलावं म्हणून या बाईने जन्म घालवला होता, आणि त्या दुपारी भर पावसात दोन अनोळखी माणसं तसं बोलत होती. मी शेंगदाण्याची मूठ तशीच धरून बसलो होतो. खरं सांगतो, मला त्या खुर्चीतल्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

मग ओळी थांबल्या. बराच वेळ काही आलं नाही. पाऊस तसाच. काकू पडद्यावरून नजर काढेनात. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "लाइन गेली असन का रे बाबू?" त्या कोणत्या लाइनबद्दल बोलत होत्या, ते मला समजलं.

दिवे लागायच्या सुमारास यादीत बाबांचं नाव आलं. पुढे एकच शब्द: "नितळ."

गाव नाही, काय झालं नाही, काय पाहिजे नाही. एरवी असा मथळा काकूंनी त्याच पावली परत केला असता. मी मुद्दाम चिडवलं, "काकू, परत पाठवायचा का?"

"चूप बस," त्या म्हणाल्या. चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या, मग डोळे पुसले आणि पुन्हा काचा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी नेट नीट आल्यावर आम्ही बाबांची पहिली ओळ उघडून आत पाहिलं. वर एवढी मोठी आणीबाणी, आणि आत लिहिलं होतं: "रामराम मंडळी. सगळ्यांचं जेवण झालं असेल. बाईंना विशेष रामराम." घाईघाईत, पाळीवर उभं राहून, पावसात एका बोटाने त्या माणसाने हेही लिहिलं होतं. वर काकूंचं ठेवलं, आत स्वतःचं. काकू ते बराच वेळ वाचत राहिल्या.

कार्तिकातली एक दुपार. मी जिन्यात बसून बूट पुसत होतो. दारावरची घंटा वाजली.

"विषय?" आतून आवाज आला.

मी जिन्यावरून वाकून पाहिलं. धोतर, डोक्याला पांढरा गमछा, खांद्यावर पिशवी. पिशवीतून ओल्या शिंगाड्यांची हिरवी टोकं दिसत होती. शिंगाडे तलावात होतात, आणि तलाव टिकला तरच होतात. बाबांनी मला ओळखलं, हसले, पण दाराकडे तोंड करून गप्पच उभे राहिले.

"विषय सांगा जी," काकू आतून पुन्हा म्हणाल्या.

बाबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हा माणूस शिकलेला आहे. गाव, तलाव, शिंगाडे, आभार, सगळं एका दमात सांगेल. त्यांनी दोन्ही हात जोडले, बंद दारासमोर, आणि म्हणाले, "रामराम."

काकू दाराच्या पलीकडे उभ्या आहेत, हे मला त्यांच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी वाट पाहत होतो, की आता "रामराम काय? कुठं, काय झालं, काय पाह्यजे?" असं येईल. बाबाही बहुधा त्याचीच वाट पाहत होते, कारण हात तसेच जोडलेले होते.

कडी निघाली. दार सताड उघडलं.

"रामराम जी," काकू म्हणाल्या. "या, पहिले पानी घ्या."